आढळले नाही की शोधले नाही?

मराठीच्या मास्तराला क्रियापदांची खोड असते. शाळा सुटली तरी ती सुटत नाही. वर्तमानपत्र वाचतानासुद्धा हातात लाल पेन असल्यासारखे वाटते. गेली काही वर्षे एका क्रियापदाने मला फार सतावले आहे. ते म्हणजे ‘आढळले नाही’. विहिरीच्या पाण्याचा अहवाल असो, शेतातल्या मातीचा असो, नाहीतर नदीत मासे मेल्यानंतर निघालेला असो, शेवटचे वाक्य ठरलेले: ‘तपासणीत कोणताही घातक घटक आढळला नाही.’

आता या वाक्याची चिरफाड करू. ‘आढळणे’ अकर्मक आहे. वस्तू आपणहून पुढे येते, दिसते, असा त्याचा भाव. ‘शोधणे’ सकर्मक. तिथे कोणी शोधले आणि काय शोधले हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. म्हणून अहवाल लिहिणारे ‘शोधले’ कधी लिहीत नाहीत. ‘आढळले नाही’ म्हटले की शोधणारा माणूस वाक्यातून पसार होतो, आणि काय शोधले होते हा प्रश्नही त्याच्या मागोमाग जातो. धर्मराजाच्या ‘नरो वा कुंजरो वा’मध्ये निदान हत्तीचा उल्लेख तरी होता!

कुणी म्हणेल, मास्तर, व्याकरणाचा कीस पाडताय. नाही हो. या एका क्रियापदापायी किती माणसे विष पीत राहिली हे सांगतो, मग ठरवा.

गोष्ट बांगलादेशची आहे. १९७० च्या दशकापासून तिथे गावोगाव हातपंप बसवण्याची मोठी मोहीम निघाली. त्याआधी लोक तळ्यांचे, डबक्यांचे पाणी पीत आणि पटकी-हगवणीने लहान मुले पटापट जात. जमिनीखालचे पाणी स्वच्छ, जंतू नाहीत, म्हणून सरकारने आणि युनिसेफने हापशांचा पुरस्कार केला. हेतू चांगलाच होता, त्याला मी बोल लावणार नाही. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने अंगणाअंगणात हापसे घातले. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाची भुसभुशीत जमीन, नळी खाली घालायला आपल्यासारखा कातळ फोडावा लागत नाही. बघता बघता लाखो हापसे झाले.

त्या पाण्यात आर्सेनिक होते. आपल्या जुन्या बोलीत सोमल म्हणतो, त्याच कुळातले. चव नाही, वास नाही, रंग नाही. आठ-दहा वर्षे पीत राहिले की अंगावर काळे ठिपके येतात, तळहात-तळपाय खरखरीत आणि गाठाळ होतात. त्याच्या पुढची पायरी कातडीचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग. लोकांना वाटायचे महारोग. डागवाल्या मुलींची लग्ने होईनात, सुनांना माहेरी धाडले गेले.

१९९२ साली ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण या नामांकित संस्थेने ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या भूजलाचा रासायनिक अभ्यास केला. सुमारे १५० कूपनलिकांचे नमुने घेतले आणि कितीतरी मूलद्रव्यांसाठी तपासले. अहवालाच्या शीर्षकातच हे पाणी माशांना आणि माणसांना विषारी ठरण्याची शक्यता तपासल्याचे म्हटले होते. तपासलेल्या मूलद्रव्यांची यादी लांबलचक होती. तिच्यात आर्सेनिक नव्हते.

बस्स. एवढेच झाले. कुणी लबाडी केली नाही, आकडे दडवले नाहीत, लाच खाल्ली नाही. हजेरीपटावर एका पोराचे नावच घातलेले नव्हते. आणि ज्याचे नाव पटावर नाही त्याची गैरहजेरी कशी लागणार? सगळे ‘हजर सर’ म्हणून गेले, वर्ग पूर्ण दिसला.

‘त्या काळी तिथे आर्सेनिक असेल अशी कल्पना कुणाला येणार?’ हा यावरचा नेहमीचा बचाव. मला तो पटत नाही. पलीकडच्या पश्चिम बंगालमध्ये कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ पासूनच हापशाच्या पाण्यातल्या आर्सेनिकने आजारी पडलेले रुग्ण ओळखले होते. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे दीपांकर चक्रवर्ती गावोगाव पाणी तपासत फिरत होते. गाळ तोच, नद्या त्याच, मध्ये फक्त माणसांनी आखलेली सरहद्द. खडकाला आणि गाळाला पासपोर्ट लागतो का? ज्याचा धंदाच भूगर्भाचा, त्याने तरी नकाशातल्या रेघेपाशी थांबू नये.

बांगलादेशात १९९३ साली चापाई नवाबगंज भागात आर्सेनिक प्रथम सापडले, तेही तिथल्या सरकारी खात्याला. पुढे त्याच ब्रिटिश संस्थेने त्या खात्याबरोबर पुन्हा सर्वेक्षण केले. या वेळी ६४ पैकी ६१ जिल्ह्यांतून ३,५३४ नमुने घेतले. २००१ साली अहवाल आला. उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर, आणि ४६ टक्क्यांत १० च्या वर. साडेतीन कोटी लोक ५० च्या वरचे पाणी पीत आहेत असा अंदाज त्यात होता. (न्यायाने सांगायला हवे, की हे दुसरे काम अप्रतिम आहे. सगळे आकडे जगासाठी खुले ठेवले. म्हणजे येत नव्हते असे नाही!)

१० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? पाण्याच्या दहा कोटी भागांत एक भाग. एवढेसे काहीतरी ‘आढळत’ नसते, ते शोधावेच लागते. आणि शोधणाऱ्या यंत्रालाही आधी ओळख करून द्यावी लागते. आर्सेनिकचे ठाऊक प्रमाण घातलेले द्रावण यंत्राला दाखवायचे, मग नमुना दाखवायचा, मग तुलना. जे दाखवलेच नाही त्याविषयी कोट्यवधी रुपयांचे यंत्रही भरवशाचा आकडा देत नाही. यंत्राने सगळे आपोआप कळते ही आपली भाबडी समजूत आहे. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, हुशार पण मुखदुर्बळ विद्यार्थ्यासारखे.

ब्राह्मणबाडिया भागातल्या एका पीडिताने विलायतेत दावा लावला. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि २००६ साली फेटाळले गेले. न्यायमूर्तींचे म्हणणे थोडक्यात असे: ही संस्था बांगलादेशला पिण्याचे पाणी पुरवत नव्हती, पाणी शुद्ध ठेवण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती, तेव्हा आर्सेनिक तपासण्याचे कर्तव्य तिच्यावर लादता येत नाही. कायद्याच्या अंगाने ते बरोबर असेलही. मी वकील नाही. उद्या प्रत्येक संशोधकाला न केलेल्या तपासणीबद्दल कोर्टात खेचू लागले तर कुणी कुठे पाऊल टाकणार नाही, हेही मला समजते.

पण निकालानंतर झाले काय? ‘पाणी पिण्यास योग्य आहे असे अहवालात कुठेच म्हटलेले नव्हते’ हा युक्तिवाद सभ्य, निर्दोष आणि पुरेसा ठरला. माझे भांडण तिथे आहे. माणसांना विषारी आहे का असे शीर्षक द्यायचे, तपासलेल्यांची लांब यादी द्यायची, आणि न तपासलेल्यांविषयी चकार शब्द काढायचा नाही. वाचणारा काय समजेल? इंजिनिअर काय समजेल? मंत्री काय समजेल? लिहिणाऱ्याला वाचकाची समजूत कळत नसेल तर त्याने लिहू नये, एवढे तरी आम्ही नववीच्या निबंधाला सांगत होतो. ‘आर्सेनिकची तपासणी केलेली नाही’ एवढे एक वाक्य त्यात असते, तर कुणीतरी विचारले असते, का नाही केली?

आता बाटलीकडे वळू, कारण प्रयोगशाळेचा अर्धा खोटेपणा बाटलीत घडतो. बंगालच्या पाण्यात लोहही भरपूर असते. हापशातून निघताना पाणी नितळ दिसते. हवा लागली की तासाभरात तांबूस होते आणि तळाशी गंजाचा गाळ बसतो. हा गंज आर्सेनिकला धरून खाली ओढतो. म्हणजे नमुना घेतल्याबरोबर गाळून त्यात आम्लाचे थेंब घातले नाहीत, तर चार दिवसांनी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत विष बाटलीच्या बुडाशी बसलेले असते. तिथला माणूस वरचे स्वच्छ पाणी घेतो, उत्तम यंत्राला लावतो आणि प्रामाणिकपणे कमी आकडा लिहितो. आडात असूनही पोहऱ्यात आले नाही! अहवालावर यंत्राचे नाव ठळक असते. बाटली कुणी भरली, कशी भरली, आम्ल घातले का, किती दिवसांनी तपासली, याची ओळ बहुतेक वेळा नसते. आपण यंत्रांवर पैसा ओततो आणि नमुना आणायला कुणालाही पाठवतो. पूर्वी शाळा तपासायला मोठे साहेब यायचे आणि पटावरची मुले मात्र शिपाई मोजायचा, तशातली गत.

(हाच गंज जाणून उपयोगात आणला तर पाणी शुद्धही करतो. बांगलादेशात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांनी लोखंड वापरून घरगुती गाळणी केली, आणि तिला २००७ साली अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळाला. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

दुसरा प्रकार संचाचा. सगळे हापसे प्रयोगशाळेत नेणे अशक्य, म्हणून बांगलादेशात गावात जाऊन तपासायचे संच वापरले. पद्धत शंभराहून अधिक वर्षे जुनी. पाण्यात आम्ल आणि जस्त घालायचे, आर्सेनिक वायुरूपाने वर येते आणि मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदावर पिवळा-तपकिरी डाग उमटतो. डागाचा रंग छापील पट्टीशी ताडून बघायचा. ५० च्या वर वाटले तर हापशाचे तोंड लाल रंगवायचे, खाली वाटले तर हिरवे. जवळजवळ ५० लाख हापसे असे तपासले गेले. काम प्रचंड, ते करणाऱ्यांना नमस्कार. पण ऊन, सावली, थकलेले डोळे, यात पुसट पिवळा कोणता आणि जरा गडद कोणता हे कोण ठरवणार? चक्रवर्तींच्या गटाने २००२ मध्ये संचांचे निकाल प्रयोगशाळेशी ताडून पाहिले, तेव्हा चुकीचे हिरवे आणि चुकीचे लाल दोन्ही भरपूर निघाले.

तरीही संच फेकून द्या असे मी म्हणणार नाही. पाच पैकी चार वेळा खरे सांगणारा शेजारी अजिबात शेजारी नसण्यापेक्षा बरा. माझी हरकत हिरव्या रंगाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच मर्यादा १० वर आणली, आपल्या भारतीय मानकातही आता १० आहे. बांगलादेशात ती ५० च राहिली. मग ४० मायक्रोग्रॅमचा हापसाही हिरवा. आणि हिरव्या रंगाचा अर्थ खेड्यातल्या बाईला एकच ठाऊक: पी. ‘संचाला पन्नासच्या वर दिसले नाही’ हे कुठल्या रंगात लिहिणार?

मंडळी, आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडच्या अहवालांवर तीन इंग्रजी अक्षरे असतात, ‘बीडीएल’. म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेच्या खाली. लोक त्याचा अर्थ शून्य लावतात. मर्यादा किती, हे शेजारी लिहिलेले नसेल तर या तीन अक्षरांना काडीचीही किंमत नाही. ज्या काट्यावर पाव किलोच्या खालचे कळत नाही, त्यावर अंगठी ठेवून ‘सोने आढळले नाही’ म्हणण्यासारखे आहे ते.

आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी पिण्याच्या टाकीत सोडायचे ठरले तेव्हा एक अहवाल फिरला. आठ-नऊ बाबी. रंग, वास, गढूळपणा, सामू, कठीणपणा, क्लोराइड वगैरे. खाली शिक्का: पिण्यास योग्य. मी विचारले, नायट्रेट कुठे आहे, फ्लोराइड कुठे आहे? सेक्रेटरी तरुण आहेत, स्वभावाने चांगले. म्हणाले, “काका, लॅबने ओके दिलंय ना? नसेल काही, म्हणून लिहिलं नसेल.” बघा! न लिहिलेले म्हणजे नसलेले. बांगलादेशात जे झाले तेच वाक्य, आमच्या पार्किंगमध्ये.

मी आर्सेनिक मागितले नव्हते, कारण कुठे काय शोधायचे हे खडक ठरवतो. बंगालमध्ये गाळाबरोबर गाडल्या गेलेल्या पालापाचोळ्याने प्राणवायू संपतो, लोहाच्या कणांवर चिकटलेले आर्सेनिक सुटून पाण्यात उतरते. म्हणून तिथे उथळ कूपनलिका वाईट आणि खूप खोल गेलेल्या बहुधा बऱ्या. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात ते कारण नाही. आपल्याकडे विदर्भात, चंद्रपूर-यवतमाळकडे, फ्लोराइडने दात पिवळे आणि हाडे वाकडी झालेली गावे आहेत. आणि नायट्रेट तर जिथे युरियाची गोणी पोचली, जिथे संडासाचा शोषखड्डा विहिरीशेजारी खणला, तिथे सगळीकडे. तान्ह्या बाळाच्या दुधात असे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, बाळ निळे पडते. त्यामुळे सगळीकडे एकच छापील यादी लावणे हा आळस आहे. यादी करण्याआधी भूगोलाचे पुस्तक उघडावे.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाल्यापासून गावागावातल्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. मला ती मनापासून आवडते. ज्यांच्या डोक्यावर हंडा, त्यांच्या हाती परीक्षा. पण त्यांना रंगपट्टी जुळवण्याबरोबर एक प्रश्नही शिकवा: या पेटीला काय कळत नाही? पेटीच्या झाकणावर तेवढे मराठीत छापायला कितीसा खर्च येतो?

‘अहो, असे लिहिले तर लोक घाबरतील.’ हे मला एका जाणत्या माणसाने सुनावले. घाबरू द्या की! औषधाच्या पुडीवर, विजेच्या खांबावर आपण धोका लिहितोच. लोक घाबरतात म्हणून नव्हे, तर प्रश्न विचारतात म्हणून ते लिहायचे नसते. न तपासलेल्या गोष्टींची यादी अनंत होईल, हा दुसरा आक्षेप. मुळीच होणार नाही. आपल्या पाण्याच्या मानकात धोकादायक घटकांची नावे मोजून दिलेली आहेत. त्यांतली कोणती तपासली नाहीत हे लिहायला अर्धे पान पुरे. तपासलेल्यांपुढे पद्धत आणि किमान किती मोजता येते तो आकडा. नमुना घेणाऱ्याची सही, तारीख आणि वेळ. ‘पिण्यास योग्य’ हा शिक्का, एवढे सगळे असल्याशिवाय, मारूच नये असा नियम हवा. आणि ‘आढळले नाही’ याऐवजी ‘शोधले, सापडले नाही’ किंवा ‘शोधले नाही’, दोन्हींपैकी एक लिहिण्याची सक्ती हवी. मराठी समृद्ध भाषा आहे, दोन्हींसाठी शब्द आहेत.

सोसायटीने नायट्रेट तपासून घेतले, पण त्याचीही गंमत. आकडा आला १२, आणि आमच्याकडे आनंदीआनंद, कारण मर्यादा ४५. कशाचे १२? अहवालात नुसते ‘नायट्रेट’. नायट्रेट म्हणून मोजले असेल तर १२ उत्तम. पण काही प्रयोगशाळा त्यातल्या फक्त नायट्रोजनचा हिशेब देतात, आणि तेव्हा ४५ ची मर्यादा सुमारे १० वर येते. म्हणजे १२ धोक्याचे. एकाच आकड्याचे दोन अर्थ, एक पास आणि एक नापास. दोनदा फोन केल्यावर कळले की नायट्रेट म्हणूनच मोजले होते. तो फोन इतर किती सोसायट्यांतून जात असेल?

ज्यांना पाणी तपासून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवातून दोन गोष्टी सांगून थांबतो. पंप काही मिनिटे चालू ठेवून मगच नमुना भरावा, नाहीतर नळीत साचलेले पाणी तपासले जाते. आणि प्रयोगशाळेने एकच बाटली दिली तर दुसरी मागावी. धातूंसाठीच्या बाटलीत बहुधा नायट्रिक आम्ल घालतात, त्यामुळे त्याच बाटलीत नायट्रेट मोजणे म्हणजे चहात साखर घालून मग चहा गोड आहे का विचारण्यासारखे. नायट्रेटची बाटली वेगळी, आम्ल न घातलेली, थंड ठेवलेली आणि लवकरात लवकर पोचवलेली हवी. फ्लोराइडला काचेची बाटली चालत नाही, प्लास्टिकचीच लागते. दुसरी बाटली मागितल्यावर काउंटरवरचा माणूस ‘कशाला?’ म्हणाला, तर अहवालासाठी दुसरी प्रयोगशाळा बघावी.